ता. क. मधली तारीख

प्रश्न : आमच्याकडे २०११ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज ७ चा. आंब्याच्या बागेचा हिशेब, घरचे फोटो, सगळं त्यातच. गेल्या दोन पावसाळ्यांपासून काम करताना मध्येच पडदा निळा होतो, पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो आणि वाचेपर्यंत मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. नातवाने मोबाइलवर व्हिडिओ काढून तो थांबवून तीनदा आकडे टिपले. एकदा शेवटी १ए होतं, एकदा ५० आणि एकदा नुसतं ए. गेल्या महिन्यात वादळामुळे तीन दिवस लाइट नव्हती. तेव्हापासून तर विंडोज सुरूच होत नाही. दर वेळी निळा पडदा, आणि आकडा आता एकच, शेवटी ७बी असलेला. दुकानदार म्हणतो, व्हायरस आहे, हार्ड डिस्कही गेली, फॉरमॅट मारावं लागेल. भाचा म्हणतो, भंगारात द्या. खरं कोणाचं? आणि हा पडदा निळाच का असतो?

ता. क. लाइट आल्यावर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा काळ्या पडद्यावर ‘एफ१ दाबा’ असं आलं. आत तारीख १ जानेवारी २०१० दिसत होती, ती मी नीट केली. याचा काही संबंध नसावा.

– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी दुकानदाराच्या निदानातली गंमत. हार्ड डिस्क गेली असेल तर फॉरमॅट कशाला मारायचं? आणि फॉरमॅट मारता येत असेल तर ती गेली कशी? माझ्या अंदाजाने तुमची डिस्क शाबूत असावी. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ता. क. म्हणून तळाशी टाकली आहे. तिच्याकडे येतोच. पण हा पडदा मुळात येतो कशासाठी, ते आधी पाहू, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

कॉम्प्युटरमध्ये चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमना सारखे अधिकार नसतात. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, गाण्यांचा प्लेअर ही सगळी भाडेकरू मंडळी. त्यांच्यापैकी कुणी गडबड केली की विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला बाहेर काढतो आणि बाकीचं घर चालू राहतं. ‘प्रोग्रॅम हॅज स्टॉप्ड वर्किंग’ अशी छोटी चौकट येते ती त्यातलीच. पण खुद्द गाभ्यातच गडबड झाली तर त्याला बाहेर काढणार कोण? त्याच्या वर कुणीच नाही. अशा वेळी त्याच्याकडे एकच शहाणपणाचा मार्ग उरतो : सगळं जागच्या जागी थांबवायचं.

थांबवायचं कशासाठी? तुम्ही बागेचा हिशेब ठेवता, म्हणून त्याच भाषेत सांगतो. खतावणी लिहिताना हिशेबनीसाच्या लक्षात आलं, की बेरीज जमत नाही, आपल्याच डोक्यात काहीतरी घोटाळा होतोय. चांगला हिशेबनीस तिथेच पेन खाली ठेवतो. लिहीत राहिला तर चुकीचे आकडे वहीत कायमचे जातील. निळा पडदा म्हणजे ते खाली ठेवलेलं पेन. मेमरीत काहीतरी बिघडलंय हे कळल्यावरही विंडोज चालूच राहिलं असतं, तर तो बिघाड हार्ड डिस्कवरच्या फायलींमध्ये उतरला असता. म्हणजे पडद्यामुळे तुमचं काम अडलं हे खरं, पण तुमच्या फायली वाचल्या असण्याचीही बरीच शक्यता आहे. फ्यूज उडाला म्हणून आपण फ्यूजला शिव्या देत नाही. इथे मात्र सगळा राग पडद्यावर निघतो.

आता ७बी. आकड्याच्या सुरुवातीचे ‘शून्य-एक्स’ आणि पुढची शून्यांची रांग सोडून द्या, कामाचं ते शेवटचंच. या क्रमांकाचं विंडोजमधलं नाव ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. अर्थ असा, की ज्या डिस्कवरून मला सुरू व्हायचंय तिच्यापर्यंत मला पोचता येत नाही. दुकानदाराने याचा अर्थ ‘डिस्क मेली’ असा काढला. पण घरापर्यंत पोचता येत नाही म्हणजे घर पडलं असं नसतं. कधी कधी फक्त कुलूप बदललेलं असतं.

ते कुलूप कसं बदललं, हे तुमची १ जानेवारी २०१० सांगते. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. सीआर२०३२ हा त्याचा क्रमांक, ३ व्होल्टचा. मशीनला वीज नसते तेव्हा तारीख-वेळ आणि बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागं करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममधल्या, मांडण्या जपून ठेवण्याचं काम तो करतो. एरवी तुमच्या भिंतीवरचं बटण चालू राहत असणार. तेव्हा कॉम्प्युटर बंद असला तरी बोर्डाला थोडा वीजपुरवठा मिळत राहतो आणि सेल म्हातारा झालाय हे कळतच नाही. तीन दिवस लाइट गेली, सगळा भार त्या सेलवर आला आणि तो कोसळला. बोर्ड सगळं विसरला आणि कारखान्यातून निघतानाच्या मूळ मांडणीवर गेला. तारीखही त्याच्या हिशेबाने २०१० ची झाली.

तुम्ही तारीख सुधारलीत, पण त्याच वेळी आणखीही एक गोष्ट मूळपदावर गेली असणार. डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, याचा एक पर्याय बायोसमध्ये असतो. आयडीई ही जुनी पद्धत आणि एएचसीआय ही नवी. तुमच्या मशीनवर विंडोज ७ घालताना तो पर्याय एएचसीआय असावा. विंडोज ७ सुरुवातीच्या क्षणी फक्त त्याच पद्धतीचा ड्रायव्हर उठवतं, दुसरा झोपलेला ठेवतं. आता बोर्ड आयडीईवर गेला, विंडोज एएचसीआयची किल्ली घेऊन दारात उभं, आणि कुलूप उघडेना. लगेच ७बी.

उपाय खर्चिक नाही. मशीनची वायर भिंतीतून काढा, सेल बदला. घड्याळवाल्याकडेही तो मिळतो. अधिक खुणेची बाजू वर ठेवा. मग सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. आधी एवढंच पाहा, की यादीत हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का. दिसत असेल तर डिस्क निदान हाकेला ओ देतेय. मग ‘साटा मोड’ किंवा ‘साटा कॉन्फिगरेशन’ अशा नावाचा पर्याय शोधा, आयडीई असेल तर एएचसीआय करा, सेव्ह करून बाहेर या. बाकी काही छेडू नका. आधीपासून एएचसीआयच दिसत असेल तर उलट करून पाहायला हरकत नाही. यात फायली पुसल्या जात नाहीत. यादीत डिस्कचं नावच नसेल, तर मात्र आधी तिची वायर दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. तरीही नाव आलं नाही, तर दुकानदार निम्मा बरोबर ठरेल.

विंडोज सुरू झालं की आनंदात हिशेब उघडून बसू नका. पहिलं काम पेनड्राइव्ह लावून हिशेब आणि फोटो उतरवून घेणं. मूळ दुखणं अजून तसंच आहे.

ते दुखणं म्हणजे तुमचे वेगवेगळे तीन आकडे. १ए म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’ : मेमरीचा जमाखर्च जुळत नाही. ५० म्हणजे ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ : मेमरीत जे अमुक ठिकाणी असायलाच हवं होतं, ते तिथे नाही. ए म्हणजे ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ : नाव भयंकर आहे, पण मतलब एवढाच, की गाभ्यातल्या कुणीतरी मेमरीच्या भलत्याच जागी भलत्या वेळी हात घातला. नावं तीन असली तरी तिघांचीही तक्रार मेमरीबद्दलच आहे.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज असतो. लोक आकडा इंटरनेटवर शोधतात, पहिलं उत्तर ‘ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदला’ असं येतं, तो बदलतात. दुसऱ्या दिवशी दुसरा आकडा, दुसरा उपाय. पडद्यावरचा आकडा पडलेल्याचं नाव सांगतो, पाडणाऱ्याचं सांगेलच असं नाही. रस्त्यातल्या एकाच खड्ड्यात आज स्कूटर पडते, उद्या सायकल, परवा टेम्पो. पोलिसांच्या वहीत तीन वेगळे अपघात, खड्डा तोच. रॅममधला, म्हणजे या मेमरीच्या पट्टीवरचा, एखादा कोपरा बिघडला, की त्या वेळी तिथे जो कुणी राहत असेल तो पडतो, आणि आकडा त्याच्या नावाने लागतो.

उलटही घडतं, एकच आकडा आणि कारण अगदी निराळं. १९ जुलै २०२४ ला जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी निळी पडली. आपल्याकडेही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली. तिथला आकडाही तुमच्या नातवाने टिपलेला ५० च होता. पण त्या मशीनची रॅम उत्तम होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर गाभ्यात बसून काम करतो; त्याला आलेली एक सदोष फाइल वाचताना तो मेमरीतली हद्दीबाहेरची जागा वाचायला गेला. हल्ला नव्हता, व्हायरस नव्हता, राखणदारच अडखळला. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा आकड्यांची चाल पाहावी. दर वेळी तोच आकडा आणि सोबत तीच ‘डॉट एसवायएस’ फाइल दिसत असेल तर बहुधा ड्रायव्हर. आकडे फिरत असतील तर बहुधा रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठा.

तुमचा त्रास पावसाळ्यात सुरू झाला, हीसुद्धा खूण. कोकणातली दमट हवा, त्यात समुद्राचा खारेपणा. रॅमची पट्टी ज्या खाचेत बसते तिथल्या सोनेरी पट्ट्यांवर मळ आणि पुटं चढतात, आणि संपर्क कधी होतो कधी नाही. दुरुस्तीवाले ‘रॅम हलवून बघा’ म्हणतात ते अंधश्रद्धेपोटी नव्हे. ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो (सीपीयू खरं तर आतली चिप, पण असो) त्याची वायर काढा, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. डब्याच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरणार नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडा, पट्टी काढा आणि सोनेरी कडा मुलांच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. रबराचा चुरा ब्रशने झाडून टाका, खाचेत जाऊ देऊ नका. अत्तर, रॉकेल, खोबरेल यांतलं काहीही लावू नका. हे मी उगाच लिहीत नाही. तिन्ही प्रयोग झालेले मला ठाऊक आहेत. मग पट्टी ‘कट’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा.

त्यानंतर विंडोज ७ मध्येच असलेली चाचणी लावा. स्टार्टमध्ये ‘मेमरी’ असं टाइप केलंत की ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ दिसेल. मशीन पुन्हा सुरू होऊन रॅम तपासतं. वेळ लागतो, तोवर चहा घ्या. चूक निघाली आणि पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून पाहा. जिच्यावर चूक येते ती नापास. जुन्या रॅमच्या पट्ट्या दुरुस्तीच्या दुकानांत वापरलेल्याही मिळतात.

डबा उघडलाच आहे तर आणखी दोन गोष्टींकडे नजर टाका. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी बसली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या कामानंतर मशीन चुकायला लागतं. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगरा फिरू देऊ नका. दुसरं, बोर्डावरचे छोटे दंडगोल, म्हणजे कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा वरून तपकिरी चिकटा आलेला दिसला तर तो गेला. साधारण १९९९ ते २००७ या काळात निकृष्ट कपॅसिटरचं जगभर मोठं पेव फुटलं होतं. तुमचं मशीन त्यानंतरचं आहे, पण चौदा-पंधरा वर्षांत चांगलेही थकतात. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र तुम्ही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते.

यातून पुढे पुन्हा कधी पडदा आलाच, तर नातवाला व्हिडिओची कसरत करायला लावू नका. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज, तिथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’, आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढा. मग पडदा जागेवर थांबेल. ७ए, २४ किंवा एफ४ असे आकडे वारंवार दिसू लागले, तर संशय डिस्कवर किंवा तिच्या वायरवर घ्या. डिस्क दुरुस्त करणारा ‘चेकडिस्क’ हा आदेश लोक मोठ्या उत्साहाने चालवतात, पण दमलेल्या डिस्कला तो आणखी दमवतो. फायली उतरवून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

व्हायरसचं काय? आजकालच्या व्हायरसला तुमच्या घरात गुपचूप राहायचं असतं. दर तासाला भांडी पाडून तो स्वतःकडे लक्ष वेधून घेणार नाही. अपवाद घडलेला आहे, आणि मजेदार आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक सुरक्षा-अपडेट आला आणि अनेक विंडोज एक्सपी मशीन निळी पडू लागली. शोध घेतल्यावर कळलं, की त्या मशीनच्या गाभ्यात ‘अ‍ॅल्युरिऑन’ नावाचा छुपा व्हायरस आधीच बसलेला होता आणि अपडेटने गाभ्याची रचना बदलल्यामुळे त्याचा पाय चुकला. मग व्हायरसवाल्यांनीच घाईने आपली चूक दुरुस्त केली. त्यांनाही पडदा नकोच होता.

फॉरमॅटने सॉफ्टवेअर नवं होतं, रॅमच्या खाचेतला मळ तसाच राहतो. उलट बिघडलेल्या रॅमवरून विंडोज पुन्हा घातलं तर त्याच्याच फायली चुकीच्या उतरू शकतात. तुमच्या बाबतीत आंब्याचा हिशेब गेला असता तो वेगळाच.

इंटरनेट पाहताना निळा पडदा आला, त्यावर ‘मायक्रोसॉफ्टला फोन करा’ म्हणून नंबर आहे आणि भोंगा वाजतोय, असं कधी झालं तर तो पडदा खोटा. खऱ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो आणि माउस हलत नाही. खोटा पडदा हा फक्त ब्राउझरमधला एक फसवा पानपसारा असतो. ऑल्ट आणि एफ४ दाबून बंद करा. नंबरवर फोन करून पैसे गेलेच असतील तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

भाच्याचं म्हणणं पूर्ण टाकाऊ नाही. विंडोज ७ ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. त्यामुळे या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नका, शक्य तर इंटरनेटची वायरच काढून ठेवा. पण हिशेब लिहायला, फोटो बघायला, पत्रं टाइप करायला ते अजून पुष्कळ दिवस चालेल. सेल आणि खोडरबर यांच्या खर्चात ते उभं राहत असेल तर भंगारवाल्याला थोडं थांबू द्या.

राहता राहिला रंग. विंडोज ३.१ मधल्या निळ्या सूचनेचा मजकूर मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी लिहिला होता, म्हणून ‘मृत्यूचा निळा पडदा’ त्यांचाच, असं अनेकदा छापून आलं. पण ती निराळी सूचना, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणारी. तुमच्या पडद्याची वंशावळ १९९३ च्या विंडोज एनटीपासून निघते, आणि तो लिहिला जॉन व्हर्ट या प्रोग्रॅमरने. ते ज्या मिप्स मशीनवर काम करत, त्याचा सुरुवातीचा पडदा निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा असे, आणि ज्यात कोड लिहीत तो एडिटरही तसाच. डोळ्यांना सवय होती, तोच रंग घेतला. त्यामागे मानसशास्त्र वगैरे काही नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी तो काळा केला. तुमच्या विंडोज ७ चा मात्र आला तर निळाच येईल.